छोटा गोबी टाकीत टिकत नाही: नवा आणण्याआधी कारण शोधा

दीड-दोन सेंटिमीटरचा गोबी, म्हणजे तळाशी बसणारा चिमुकला समुद्री मासा, टाकीत सोडला. काही दिवस तो खडकाच्या कडेवर बसलेला दिसला आणि मग दिसेनासा झाला. मेलेला मासा सापडला नाही, पाण्याच्या सगळ्या चाचण्या ठीक, बाकीचे मासे ठणठणीत. नवा आणला, त्याचंही तेच झालं. प्रवाळांची टाकी ठेवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे आणि तिच्यावर मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं: हे मासे नाजूकच असतात.

मला हे उत्तर पटत नाही. एव्हिओटा, ट्रिमा, गोबिओडॉन या प्रकारांचे गोबी अंगाने चिमुकले असले तरी लेचेपेचे नसतात. समुद्रात ते प्रवाळखडकाच्या फटीफटींत मोठ्या संख्येने राहतात. प्रवाळांवरचे मोठे मासे खातात त्या माशांच्या एकूण वजनात जवळजवळ 60 टक्के वाटा तळाशी दडून राहणाऱ्या अशा चिमुकल्या माशांचा असतो, असं 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आलं. टाकीत मात्र हेच मासे टिकत नाहीत, कारण आपली टाकी, आपलं खाद्य आणि आपलं वेळापत्रक हे सगळं सात-आठ सेंटिमीटरच्या माशाला धरून आखलेलं असतं. बहुतेक वेळा छोटा गोबी भरल्या टाकीत उपाशी मरतो. बाकीची कारणंही आहेत, पण उपासमारीचा संशय सगळ्यात आधी घ्यावा आणि सगळ्यात शेवटी सोडावा.

आधी मासा खरंच गेलाय का?

दिवसा दिसला नाही म्हणजे मेला, असं धरून चालू नका. ट्रिमा गुहेच्या छताला उलटा चिकटून तासन्‌तास राहतो. एव्हिओटा तर बोटभर रुंदीच्या कपारीतून बाहेरच येत नाही, विशेषतः टाकीत एखादा दांडगा मासा असेल तर जीव मुठीत धरून बसतो. दिवे मालवल्यावर तासाभराने टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावून खडकाच्या सावलीतल्या बाजू शांतपणे पाहा. त्याच उजेडात ओव्हरफ्लोचा कप्पा (जिथून टाकीतलं पाणी खाली उतरतं), फिल्टरचा मोजा (पाणी गाळणारी कापडी पिशवी) आणि संप, म्हणजे टाकीखालची फिल्टरची टाकी, हेही तपासा.

संप तर नक्कीच तपासा. हरवलेला गोबी संपमध्ये जिवंत सापडणं ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की मी आता आधी तिथेच बघतो. आणि तिथे सापडलेला मासा बहुतेकदा टाकीतल्या भावंडांपेक्षा गुबगुबीत असतो. तिथे त्याला कोणी खाद्य घालत नाही, पण शेवाळाच्या गुंत्यात कोपेपॉड, म्हणजे ठिपक्याएवढे कवचधारी जीव, वळवळत असतात आणि ते ओरबाडून नेणारा दुसरा मासा नसतो. टाकीत काय कमी पडतंय, याचा याहून उघड पुरावा मिळणार नाही.

कधी गेला, त्यावरून का गेला

मृत शरीराची वाट पाहू नका. दोन सेंटिमीटरचा मासा मेला तर हर्मिट क्रॅब (शंखात राहणारा खेकडा) आणि ब्रिसल वर्म (केसाळ समुद्री किडा) एका रात्रीत त्याचा मागमूस ठेवत नाहीत. म्हणून अंदाज बांधायचा तो वेळेवरून.

दोन-तीन दिवसांत गेला तर प्रवास, पाणी बदलताना बसलेला धक्का किंवा आणतानाच असलेला आजार. काल संध्याकाळी भरल्या पोटाचा, फिरता दिसला आणि सकाळी नाही, तर उडी, पंप किंवा शिकारी. तीन ते सहा आठवड्यांत हळूहळू बारीक होत गेला, तर उपासमार. आणि दोन-तीन महिने उत्तम खात-पीत, गोलमटोल राहून मग गेला, तर कदाचित त्याचं आयुष्यच संपलं असेल. हे शेवटचं कारण अनेकांच्या ध्यानीमनीही नसतं. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

उपासमार ओळखायची कशी

समोरून पाहून कळत नाही. मासा काचेजवळ किंवा सपाट दगडावर बसला की त्याच्याकडे वरून पाहा. खाऊन-पिऊन असलेल्या गोबीचं अंग डोक्यामागून शेपटीकडे हळूहळू निमुळतं होतं आणि छातीच्या परांमागे पोट दोन्ही बाजूंना किंचित फुगलेलं दिसतं. उपाशी गोबीचं डोकं अंगापेक्षा मोठं वाटायला लागतं, पोट खपाटीला जातं आणि डोक्याच्या लगेच मागे, पाठीवर, खळगा पडतो. पोट आत गेलंय पण पाठ भरलेली आहे, तोवर मासा वाचवता येतो. पाठीचं मांस आटायला लागलं की फार थोडे दिवस हातात असतात.

'पण तो खातो, मी स्वतः पाहिलंय', हे नेहमी ऐकू येतं. खातो, पण पुरेसं नाही. एव्हिओटाची जेवणाची पद्धत नीट पाहा. तो पोटाखालच्या परांवर टेकून बसतो, डोळे सारखे फिरवतो, काहीतरी हललं की दोन-तीन सेंटिमीटर झेपावतो, टिपतो आणि लगेच जागेवर परत. हातभर अंतरावरून वाहत गेलेलं खाद्य त्याच्या लेखी नसतंच. ते गाठायला तो उघड्यावर येणार नाही, कारण समुद्रात उघड्यावर येणारा गोबी कोणाच्या तरी तोंडी जातो. तुम्ही टाकीच्या वरून खाद्य टाकता, क्लाउनफिश आणि डॅमसेल हे मोठे मासे वरच्या वर त्याच्या तोंडचा घास पळवतात, उरलेलं पंपाच्या झोतात ओव्हरफ्लोकडे जातं. गोबीच्या वाट्याला दिवसाकाठी दोन-तीन कण येतात.

दुसरी अडचण घासाच्या आकाराची. माशांना खाद्य म्हणून दिला जाणारा कोळंबीसारखा जीव, गोठवलेला प्रौढ आर्टिमिया, 8 ते 10 मिलिमीटर लांब असतो, मासा जेमतेम 20 मिलिमीटरचा. तो तुकडा तोंडात धरतो, थुंकतो, पुन्हा धरतो. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, जेवण छान चाललंय. मायसिस या दुसऱ्या कोळंबीसारख्या खाद्याचंही तसंच. सुकं दाणेदार खाद्य चुरून दिलं तरी अनेक एव्हिओटा सुरुवातीला त्याला तोंड लावत नाहीत, कारण ते हलत नाही.

तिसरी अडचण वेळेची. एवढ्याशा पोटात साठा राहत नाही आणि शरीर मात्र भराभर ऊर्जा खर्च करतं. प्रवाळावर हे मासे उजेड असेपर्यंत सतत टिपत राहतात. दिवसातून एकदा पोटभर, हे वेळापत्रक मोठ्या माशाला चालतं. यांना नाही.

यावर काय करायचं

खाद्याचा कण माशाच्या डोळ्यापेक्षा लहान हवा, हा साधा नियम धरा. नुकतीच फुटलेली आर्टिमियाची पिल्लं सुमारे अर्ध्या मिलिमीटरची असतात आणि झटके देत पोहतात. नव्या, बुजलेल्या गोबीला खायला लावणारं याहून खात्रीचं खाद्य मला माहीत नाही. खारं पाणी, 26-28 अंश तापमान, उजेड आणि खालून हवेचे बुडबुडे मिळाले की साधारण 24 तासांत अंडी फुटतात. हवा बंद करून काही मिनिटं थांबा, टरफलं वर येतात, पिल्लं तळाशी उजेडाकडे जमतात. ती बारीक जाळीत गाळून, धुऊन द्या. टरफलं टाकीत जाऊ देऊ नका.

इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात. पिल्लांमधलं पोषण त्यांच्या अंगातल्या पिवळ्या बलकात असतं आणि ती स्वतःच ते भराभर वापरून टाकतात. फुटल्यावर पहिल्या काही तासांतच खाऊ घाला. दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची असतील तर पहिली कात टाकल्यावर ती खाऊ लागतात, तेव्हा त्यांना सूक्ष्म शेवाळाचं किंवा मेदयुक्त पोषणद्रव्याचं पाणी द्या, मगच माशाला. एरवी मासा पोट भरलेलं दिसत असतानाही खंगत जातो.

यासोबत गोठवलेले सायक्लॉप्स (एक प्रकारचे कोपेपॉड), म्हणजे मिलिमीटरभर किंवा त्याहून बारीक कण, सुरू करा. देताना झोताचे पंप दहा मिनिटं बंद ठेवा, आधी टाकीच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या माशांना त्यांचं खाद्य द्या, आणि ते तिकडे गुंतलेले असताना लांब नळीच्या पिपेटने गोबीच्या कपारीपासून तीन-चार सेंटिमीटरवर हलकेच सोडा. जोरात फवारलंत तर तो आत पळेल. दिवसातून निदान तीनदा, बारीक झालेल्या माशाला पाच वेळा, थोडं थोडं. नायट्रेट वाढेल ही भीती रास्त आहे, पण पिपेटने नेमकं दिलेलं खाद्य टाकीभर उधळलेल्या खाद्यापेक्षा कमीच वाया जातं.

हे सगळं हाताने करणं काही आठवडे जमतं. कायमचा उपाय म्हणजे टाकीतच कोपेपॉडची वस्ती. संपमध्ये एक कप्पा कीटोमॉर्फा या दोऱ्यांसारख्या शेवाळाला द्या, तिथे रात्रीचा दिवा लावा. मुख्य टाकीत, गोबी बसतो त्याच्या जवळ, प्रवाळाच्या बारीक तुकड्यांचा एक ढीग रचा, ज्याच्या फटींत मोठ्या माशाचं तोंड जाणार नाही. टिस्बे जातीचे कोपेपॉड अशा फटींत वाढतात आणि त्यांची पिल्लं बाहेर येतात ती नेमकी गोबीच्या तोंडाच्या मापाची. वस्ती पुरेशी झाली की नाही ते पाहायला दिवे मालवून तासाभराने काचेवर टॉर्च मारा. तळहाताएवढ्या जागेत सरकणारे, मध्येच टुणकन उडी घेणारे पांढरे ठिपके सहज दिसायला हवेत. दिसत नसतील तर टाकी एव्हिओटासाठी तयार नाही, मग ती कितीही जुनी असो. सुक्या खडकांवर उभी केलेली टाकी या बाबतीत फार मागे असते, कारण तिच्यात बाहेरून आणून सोडल्याशिवाय कोपेपॉड येणारच नाहीत.

टाकीत मँडरिन किंवा सिक्स-लाइन रास हे मासे असतील तर तेही याच कोपेपॉडवर जगतात. लहान टाकीत मँडरिन आणि एव्हिओटा एकत्र ठेवू नयेत. दोघांतला एक उपाशी राहणार, आणि बहुधा दोघेही.

रातोरात नाहीसा झाला तर

आधी फरशी पाहा. टाकीच्या मागची, कपाटाखालची. गोबी उडी मारतात, आणि झाकणाला जाळी आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. सहा मिलिमीटर भोकांच्या जाळीतून दीड सेंटिमीटरचा मासा आरपार जातो, त्याचं अंग तेवढं जाड नसतंच. तीन मिलिमीटरची किंवा त्याहून बारीक जाळी घ्या, आणि वायर व पाइपसाठी ठेवलेली खाच बुजवा. ओव्हरफ्लोच्या दातांमधल्या फटींचंही हेच. तिथे बारीक जाळी बांधा, पण ती आठवड्याला घासून साफ करा. तुंबली तर टाकी वरून वाहू लागेल. झोताच्या पंपांच्या तोंडाला स्पंज लावा.

मग शिकारी. हॉकफिश, डॉटीबॅक, लायनफिश हे उघडच नको. कोरल बँडेड श्रिंप शोभिवंत दिसतो, पण त्याचे लांब चिमटे झोपलेला छोटा मासा पकडतात. मोठा हर्मिट क्रॅब आणि लाइव्ह रॉकसोबत (जीवजंतूंनी भरलेल्या समुद्री खडकासोबत) नकळत आलेला खेकडा रात्री हेच करतो. कार्पेट ॲनिमोनीवर टेकलेला गोबी सुटत नाही. मंद डुलणाऱ्या, मोठ्या शुंडकांच्या एलिगन्स कोरल या प्रवाळापासूनही त्याला लांब ठेवा. टाकीत खेकडा लपलाय असं वाटलं तर रात्री काचेचा पेला तिरका टेकवून आत कोळंबीचा तुकडा ठेवा. खेकडा आत उतरतो, निसरड्या काचेवरून वर चढू शकत नाही.

दोन-तीन दिवसांत गेला तर

बहुतेक दुकानांत मासे कमी क्षारतेच्या पाण्यात ठेवतात, तुमची टाकी 1.025 विशिष्ट गुरुत्वावर असते. क्षारता कमी झालेली मासा सहज सोसतो, अचानक वाढलेली सोसत नाही, आणि एवढ्या लहान शरीरातलं पाणी तर फार लवकर ओढलं जातं. म्हणून पिशवीतल्या पाण्याची क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने (क्षारता मोजायच्या उपकरणाने) मोजा, विलगीकरणाच्या, म्हणजे नवा मासा आधी वेगळा ठेवायच्या टाकीतलं पाणी आधीच तेवढं करून ठेवा आणि पुढचे काही दिवस हळूहळू वाढवा.

मासा पिशवीत बराच वेळ राहिला असेल तर तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तापमान जुळवा, क्षारता आधी जुळवलेली असू द्या, आणि माशाला लगेच बाहेर काढा.

आणायच्या आधी मासा खाताना पाहायला मागा. पोट खपाटीला गेलेला, पाठीवर खळगा पडलेला मासा स्वस्त मिळाला तरी आणू नका.

आजार

क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचे पांढरे ठिपके मोठ्या माशाच्या अंगावर मोजता येतात, छोट्या गोबीत मात्र कल्ल्यांत थोडेसे झाले तरी श्वास अडतो आणि अंगावर एकही ठिपका नसतानाच मासा जातो. कल्ल्यांची उघडझाप नेहमीपेक्षा खूप जलद दिसली की संशय घ्या. उपचार वेगळ्या टाकीतच, कारण औषधातलं तांबं कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ मारतं. गोबिओडॉनच्या अंगावर खवले नसतात, म्हणून त्याच्यासाठी मात्रा हळूहळू वाढवा आणि दररोज मोजा. क्षारता 1.009 पर्यंत उतरवण्याचा उपाय क्रिप्टोकॅरिऑनवर चालतो, मखमली बुरशीसारख्या दिसणाऱ्या ॲमिलूडिनियम या दुसऱ्या परजीवीवर चालत नाही. मुख्य टाकीत रोग शिरला असेल तर ती निदान अडीच महिने माशांविना ठेवा.

विलगीकरणाची रिकामी टाकी मात्र याच माशांना घातक ठरते. तिथे लाइव्ह रॉक नाही, कोपेपॉड नाहीत, महिनाभरात मासा उपासमारीने जातो आणि दोष आजारावर येतो. मासा आणायच्या आदल्या दिवशीच आर्टिमिया फुटायला घाला. लपायला बोटाएवढ्या जाडीच्या पाइपचे तुकडे ठेवा.

गोबिओडॉनच्या दोन वेगळ्या तक्रारी

पहिली भांडणाची. एका प्रवाळाच्या झुडपात एकच जोडी राहते, तिसऱ्याला जागा नसते. सारख्या आकाराचे दोन सोडले तर फाटलेले पर आणि कोपऱ्यात दबून बसलेला एक, असं दिसतं. उपाय सोपा आहे. हे मासे नरापासून मादी आणि मादीपासून नर, दोन्ही दिशांनी बदलू शकतात, तेव्हा आकारात स्पष्ट फरक असलेले दोन लहान मासे एकाच वेळी सोडा, जोडी त्यांची तेच जुळवतात.

दुसरी, ॲक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाची फांदी एका जागी बोडकी होते. पाण्याचा दोष शोधण्याआधी तिथे मासे बसतात का ते पाहा. जोडी अंडी घालण्यासाठी फांदीचा पट्टा पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे चिमुकले जिवंत जीव, कुरतडून साफ करते. मोठं, जोमाने वाढणारं प्रवाळ हे सहज सोसतं, नुकताच लावलेला बोटभर तुकडा सोसत नाही. तुकडे मोठे होईपर्यंत जोडीला दुसरं फांद्यांचं प्रवाळ मिळेल असं पाहा. पण केवळ यासाठी मासे काढून टाकू नका. फिजीजवळ केलेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत क्लोरोडेस्मिस नावाचं विषारी शेवाळ ॲक्रोपोराला टेकवल्यावर प्रवाळाने रासायनिक इशारा दिला, आणि त्यात राहणाऱ्या गोबींनी काही मिनिटांत येऊन ते शेवाळ छाटायला सुरुवात केली. ही जोडी प्रवाळाची राखणदार आहे.

सगळं नीट होतं, तरी गेला

मग जात कोणती होती ते पाहा. ग्रेट बॅरियर रीफवरच्या एव्हिओटा सिगिलाटाचं जास्तीत जास्त आयुष्य 59 दिवस असल्याचं 2005 मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी दाखवलं. माशाच्या कानातल्या खड्यावर रोज एक वलय चढतं, ती वलयं मोजून. यातले पहिले सुमारे तीन आठवडे पिल्लू उघड्या समुद्रात असतं, पुढचा आठवडा-दोन आठवडे वाढण्यात, आणि प्रौढ म्हणून जेमतेम साडेतीन आठवडे. ट्रिमा नासा सुमारे तीन महिने जगतो. प्रत्येक एव्हिओटा इतका अल्पायुषी असेलच असं नाही, आणि टाकीत शिकारी नसल्याने काही जास्तही टिकतात. पण विक्रीला येणारा मासा आधीच प्रौढ असतो. तो दोन महिने गोलमटोल राहिला, नराने कपारीत अंडी राखली आणि मग गेला, तर तुमच्याकडून काही राहून गेलेलं नाही. तेव्हा तपासण्या आणि औषधं यांच्या मागे लागू नका.

हे मान्य नसेल, म्हणजे एकच मासा दीर्घकाळ सोबत हवा असेल, तर एव्हिओटा आणू नका. निऑन गोबी घ्या, एलाकॅटिनस ओशनॉप्स. तो पाच सेंटिमीटरपर्यंत वाढतो, इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपतो, टाकीत जन्मलेला मिळतो आणि म्हणून तयार खाद्याला पहिल्या दिवसापासून सरावलेला असतो. किंवा टाकीत वाढवलेला पिवळा गोबिओडॉन ओकिनावे घ्या, तो काही वर्षं जगतो. एव्हिओटाच हवा असेल तर आधी कोपेपॉडची वस्ती काचेवर दिसू द्या, सिक्स-लाइन रासला दुसरं घर शोधा, आणि एकटा न आणता चार-पाचांचा गट एकाच दिवशी सोडा. गटात ते लवकर बाहेर येतात, आणि रोज मोजता येत असल्याने एखादा बारीक व्हायला लागला तर वेळेवर लक्षात येतो.